शंभरात एक: टॉमी जॉनचं कोपर आणि पुढची चौदा वर्षं

१७ जुलै १९७४. लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम, बेसबॉलचा सामना, समोर माँट्रियल एक्स्पोजचा संघ, तिसरा डाव. दोन धावपटू बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या ठाण्यांवर, उभे होते आणि बॅट हातात घेऊन हॅल ब्रीडन आला. यजमान डॉजर्सचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टॉमी जॉन याला त्या क्षणी हवा होता जमिनीलगत सरपटत जाणारा एक फटका, म्हणजे एकाच चेंडूत दोघं बाद. असे फटके मारायला लावणं हीच त्याची खासियत. त्यानं नेहमीचा सिंकर, म्हणजे शेवटी खाली बसणारा चेंडू, टाकला आणि हात सुटताना कोपरात काहीतरी धडकन झालं. वेदना म्हणावी तशी नव्हती. आपला हात आपल्याबरोबर पुढे आलाच नाही, तो मागेच कुठेतरी राहिला, असं वाटल्याचं त्यानं नंतर अनेकदा सांगितलं आहे. खात्री करायला त्यानं आणखी एक चेंडू टाकला. तेच झालं. मग तो स्वतःच चालत बाहेर आला आणि मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन यांना म्हणाला, दुसरा कुणीतरी पाठवा.

तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. त्या मोसमात १३ विजय आणि ३ पराभव, दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी २.५९. आयुष्यातला सगळ्यात चांगला मोसम चालू असताना हे झालं.

टॉमी जॉनचं नाव आज जगभर घेतलं जातं ते एका शस्त्रक्रियेसाठी. 'टॉमी जॉन सर्जरी' हे शब्द बेसबॉल न पाहणाऱ्यांच्याही कानावरून गेलेले असतात. त्यामुळे गोष्ट अशी सांगितली जाते की डॉक्टरांनी चमत्कार केला आणि खेळाडू परत आला. मला ही गोष्ट अर्धी वाटते. चाकू डॉक्टरांनी चालवला, ते काम अफाट होतंच. पण त्या कोपराला पुढे चौदा मोसम ज्यानं चालवलं, त्या माणसाची चेंडू टाकण्याची पद्धत आणि थांबण्याची तयारी बाजूला ठेवली, तर या प्रकरणातलं काहीच नीट कळत नाही.

आधीची बारा वर्षं

जन्म २२ मे १९४३, इंडियाना राज्यातलं टेरे होट. १९६१ मध्ये क्लीव्हलँडच्या संघानं करार केला, १९६३ च्या सप्टेंबरमध्ये तो मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग बेसबॉलमध्ये, उतरला. सुरुवात वाईट झाली. क्लीव्हलँडकडून दोन मोसमांत २ विजय आणि ११ पराभव. १९६५ च्या सुरुवातीला त्याला शिकागो व्हाइट सॉक्सकडे देऊन टाकलं, तिथे तो सात वर्षं राहिला आणि तिथेच खरा पिचर झाला. १९७१ च्या अखेरीस डिक अ‍ॅलनच्या बदल्यात डॉजर्सनं त्याला घेतलं.

त्याच्याकडे वेग नव्हता. बेसबॉलमध्ये पिचर आणि बॅटर यांच्यात साठ फूट सहा इंचांचं अंतर असतं आणि चेंडू टप्पा न खाता सरळ बॅटरपर्यंत जातो. त्यामुळे बहुतेकांचा सगळा भर वेगावर. टॉमी जॉनचा सिंकर मात्र बॅटपाशी येता येता खाली बसायचा. बॅटरला वाटायचं चेंडू बॅटच्या मध्यावर येतोय, आणि बॅट लागायची चेंडूच्या डोक्यावर. चेंडू जमिनीत, क्षेत्ररक्षकाच्या हातात, तिथून पहिल्या बेसवर, आणि बॅटर बाद. आपल्याकडे एखादा फिरकी गोलंदाज फलंदाजाला फसवून पुढच्या पॅडजवळच्या फील्डरकडे झेल द्यायला लावतो, त्याच जातीचं हे काम. डोक्याचं, टप्प्याचं आणि सातत्याचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं उभं आहे.

नेमकं तुटलं काय

कोपर म्हटलं की मराठी वाचकाला २००४ सालचं सचिनचं टेनिस एल्बो आठवतं. तेव्हा घराघरात लोक आपल्या कोपराला हात लावून पाहत होते. ते दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूचं, स्नायू हाडाला जोडणाऱ्या टेंडनचं. टॉमी जॉनचं दुखणं आतल्या बाजूचं. दंडाचं हाड आणि हाताचं करंगळीकडचं हाड यांना आतून बांधून ठेवणारी एक छोटी, चिवट पट्टी असते, अल्नर कोलॅटरल लिगामेंट. त्याची तीच पट्टी गेली होती.

पिचर हात मागे नेऊन पुढे झटकतो तेव्हा दंड पुढे निघालेला असतो आणि पंजा अजून मागेच असतो. त्या क्षणी कोपर आतल्या बाजूनं उघडायला बघतं. मोजमापं सांगतात की व्यावसायिक पिचरच्या कोपरावर तेव्हा सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका पीळ येतो. प्रयोगशाळेत एकटं लिगामेंट ताणून पाहिलं तर ते त्याच्या निम्म्याच्या आसपास तुटतं. उरलेला भार आजूबाजूचे स्नायू उचलतात म्हणूनच कोपर टिकतं. अंदाज यावा म्हणून मी साधं गणित करून पाहिलं: कोपर एका जागी पक्कं धरून पंजावर सुमारे वीस किलोचं पोतं टांगलं तर कोपराला जेवढा पीळ बसेल, तेवढा हा. दर चेंडूला, एका सामन्यात शंभरेक वेळा. क्रिकेटच्या गोलंदाजाला हात सरळ ठेवायचा नियम आहे, त्यामुळे त्याचं कोपर या प्रकारातून बरंचसं वाचतं आणि मार जातो पाठीवर. आपल्या वेगवान गोलंदाजांच्या बातम्या पाठीच्या असतात आणि अमेरिकेतल्या कोपराच्या, त्यामागे हेच आहे.

१९७४ पूर्वी हे दुखणं झालं की पिचर संपला. त्याला धड नावही नव्हतं. 'हात मेला' एवढंच म्हणायचे, आणि तो माणूस गावाकडे परत जाऊन दुसरं काहीतरी करायचा. डॉजर्सचाच सँडी कोफॅक्स १९६६ मध्ये २७ विजयांचा मोसम संपवून, वयाच्या तिसाव्या वर्षी, कोपराच्या संधिवातापायी निवृत्त झाला होता. त्याचं दुखणं वेगळं होतं, पण इतका मोठा खेळाडू असा ऐन भरात गेल्याची सल त्या संघात सगळ्यांनाच होती.

निर्णय

डॉजर्सचे डॉक्टर होते फ्रँक जोब. दुसऱ्या महायुद्धात १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये वैद्यकीय सेवा केलेला माणूस. त्यांनी आधी विश्रांती सांगितली. काही आठवडे गेले, टॉमी जॉननं पुन्हा चेंडू टाकून पाहिला, हातात काही नव्हतं. मग जोब यांनी जो पर्याय मांडला तो पिचरच्या कोपरावर कधीच कुणी केलेला नव्हता. पोलिओच्या रुग्णांचे सांधे सावरण्यासाठी आणि हाताच्या शस्त्रक्रियांमध्ये एका जागचं टेंडन दुसरीकडे बसवतात, हे त्यांना माहीत होतं. तेच कोपरात का करू नये?

यासाठी लागणारं टेंडन तुमच्याही हातात असण्याची बरीच शक्यता आहे. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट जरासं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर उठून दिसेल. ती पाल्मॅरिस लाँगस. काही लोकांना ती जन्मापासूनच नसते आणि त्यांचं कुठेही अडत नाही. शरीरातली ही जवळजवळ राखीव दोरी. जोब यांनी टॉमी जॉनच्या उजव्या हातातली ही दोरी काढून डाव्या कोपरात बसवायची ठरवली. हाडांना ड्रिलनं भोकं पाडायची, त्यातून ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवायची आणि ताणून शिवायची.

शक्यता किती? जोब यांनी सांगितलं, मोठ्या लीगमध्ये परतण्याची शक्यता शंभरात एक. मला इथे दोघांबद्दलही आदर वाटतो. डॉक्टरांनी आकडा फुगवला नाही, उगाच धीर दिला नाही. आणि खेळाडूनं त्या एकाकडे पाहताना शून्याशी तुलना केली. शस्त्रक्रिया केली नाही तर परतण्याची शक्यता शून्यच होती. टॉमी जॉन विचार करून परत आला आणि म्हणाला, "करून टाकू या." हे शब्द जोब पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

२५ सप्टेंबर १९७४ ला शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षी डॉजर्सनं नॅशनल लीग, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन विभागांपैकी एक, जिंकली आणि ऑक्टोबरमध्ये ते वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका हरले. त्यांचा सर्वांत चांगल्या लयीतला पिचर तेव्हा हात प्लास्टरमध्ये घेऊन बसला होता.

हरवलेलं वर्ष

खरं प्रकरण इथून सुरू होतं असं मी म्हणेन.

कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत करंट लागल्यासारख्या झिणझिण्या जातात, ती नस याच जागेजवळून जाते. शस्त्रक्रियेनंतर टॉमी जॉनची तीच नस दबली. पंजा आखडून पक्ष्याच्या नखांसारखा वाकडा झाला, बोटांतली संवेदना गेली. डिसेंबरमध्ये नस मोकळी करून तिची वाट बदलण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. ज्या हातानं चेंडूची शिवण चाचपून त्यानं पोट भरलं, त्या हाताला चेंडू हातात आहे की नाही हेही कळत नव्हतं. शंभरातला तो एकसुद्धा आता हातचा जातो की काय, अशी ती अवस्था होती.

नस मंद गतीनं सुधारते, तिला घाई चालत नाही. नवीन दोरीलाही चालत नाही. दुसरीकडून आणून बसवलेलं टेंडन पहिल्या दिवशी नुसता धागा असतो. त्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात, पेशी वस्तीला येतात, आणि वर्षभरात त्याचं लिगामेंटसारखं काहीतरी होतं. तोवर जोर लावला तर धागा तुटणार. हे सगळं आज पुस्तकात छापलेलं आहे, फिजिओथेरपिस्ट आठवड्यागणिक तक्ता हातात देतात. १९७५ मध्ये तक्ता नव्हता, कारण हा रस्ता आधी कुणी चाललाच नव्हता. आज किती टाकायचे, उद्या किती, कधी थांबायचं, हे दुखणारा हातच सांगणार आणि ते ऐकायची सवय खेळाडूनं लावून घ्यायची. १९७५ चा पूर्ण मोसम तो एकही सामना खेळला नाही. भिंतीवर चेंडू मारत राहिला. बोटं कह्यात नव्हती तेव्हाही.

याच काळात त्याला सहकारी माइक मार्शलची मदत झाली. मार्शल स्वतः विलक्षण पिचर. १९७४ मध्ये तो तब्बल १०६ सामन्यांत उतरला होता आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला होता. शिवाय तो शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकत होता, पुढे त्यात त्यानं डॉक्टरेट घेतली. त्यानं टॉमी जॉनला चेंडूची पकड आणि टाकण्याची ढबच बदलून दिली: शरीर वळवत न बसता सरळ प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेच्या, दिशेनं जायचं, म्हणजे सांध्यांवरचा पीळ कमी होतो. बत्तिसाव्या वर्षी, बारा मोसम खेळून झाल्यावर, नवशिक्यासारखं पहिल्या पायरीपासून सुरू करणं सोपं नसतं. त्यानं ते केलं.

१६ एप्रिल १९७६ ला तो अटलांटा ब्रेव्ज विरुद्ध परत मैदानात उतरला. तो सामना तो हरला. मोसमअखेर १० विजय, १० पराभव. वरवर पाहता बरोबरीचा हिशेब, पण २०७ डाव टाकले होते. कोपर टिकलं होतं, हे त्या आकड्यानं सांगितलं.

दोरी चालली ती कशामुळे

१९७७ मध्ये २० विजय, ७ पराभव. वीस विजयांचा टप्पा त्यानं शस्त्रक्रियेआधी कधीही गाठला नव्हता. त्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाला नॅशनल लीग अजिंक्यपदाचा चौथा सामना भर पावसात झाला. समोर स्टीव्ह कार्लटन, त्या वर्षीचा साय यंग विजेता. ओला चेंडू, ओली माती, आणि टॉमी जॉननं पूर्ण नऊ डाव एकट्यानं टाकून ४-१ असा सामना काढला. तीन वर्षांपूर्वी ज्या बोटांना चेंडू कळत नव्हता, त्या बोटांनी.

पुढे तो न्यूयॉर्क यँकीजकडे गेला. १९७९ मध्ये २१ विजय, १९८० मध्ये २२. या १९८० च्या मोसमाकडे जरा थांबून पाहायला हवं. २६५ डावांत त्यानं तीन स्ट्राइकवर बाद केले फक्त ७८. आजचा सामान्य पिचर एवढ्या डावांत याच्या तिप्पट फलंदाज असे बाद करेल. म्हणजे १९८० मध्येही तो बॅटरला चेंडू मारूच देत होता, फक्त जमिनीत. प्रत्येक चेंडूला कोपर पणाला लावायची त्याला गरजच नव्हती. नव्या दोरीवर त्यानं तिला पेलेल तेवढंच ओझं टाकलं.

हे माझं म्हणणं नुसतं कौतुकापोटी नाही, त्याला एक पडताळाही आहे. जोब यांनी ही शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा केली ती चार वर्षांनी, १९७८ मध्ये, ब्रेंट स्ट्रॉमवर. तेच डॉक्टर, तेच तंत्र, आणि आता अनुभवही गाठीशी. स्ट्रॉम पिचर म्हणून मोठ्या लीगमध्ये परतू शकला नाही. पुढे तो पिचरांचा उत्तम प्रशिक्षक झाला, ही वेगळी आणि सुंदर गोष्ट. पण एकाच हातांनी केलेल्या पहिल्या दोन शस्त्रक्रियांचे निकाल इतके वेगळे लागले, म्हणजे फरक निदान काही अंशी तरी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होता. दोन रुग्णांवरून सिद्धांत मांडू नये हे मान्य. तरी टॉमी जॉनची वेगावर न बेतलेली पद्धत, मार्शलनं दिलेली नवी ढब आणि दीड वर्षाचा संयम हे तिन्ही काढून घेतलं असतं, तर तो शंभरातला एक झाला असता असं मला वाटत नाही.

शेवटचा सामना त्यानं २५ मे १९८९ ला टाकला. वय ४६. एकूण २६ मोसम, २८८ विजय. त्यातले १२४ शस्त्रक्रियेआधीचे आणि १६४ नंतरचे.

नाव राहिलं, रीत हरवली

पुढे तंत्र सुधारलं. आता स्नायू तेवढा कापावा लागत नाही, नसेला धक्का कमी बसतो, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बहुतेक पिचर पुन्हा खेळू लागतात. मोठ्या लीगमधल्या साधारण दर तिसऱ्या पिचरच्या कोपरावर हा व्रण आहे. शोहेई ओतानीची २०१८ मध्ये ही शस्त्रक्रिया झाली. जोब यांनी किती माणसांची रोजीरोटी वाचवली याची गणती नाही.

पण यातून एक भलताच समज पसरला, आणि तो मला फार अस्वस्थ करतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शाळकरी बेसबॉलपटूंपैकी ५१ टक्के आणि पालकांपैकी ३७ टक्के जणांना वाटत होतं की कोपराला काहीही झालेलं नसताना, खेळ सुधारण्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घ्यावी. दुसऱ्या एका अभ्यासात अमेरिकेत २००७ ते २०११ या काळात झालेल्या अशा शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून जास्त रुग्ण १५ ते १९ वयाचे निघाले. ज्यांची हाडं अजून पुरती भरलेली नाहीत अशी ही मुलं. वर्षभर एकच खेळ, एकाच वेळी दोन-दोन संघ, आणि वेग मोजणाऱ्या रडार गनवरचा आकडा वाढला की टाळ्या. सगळा जोर वेगावर. ज्याच्या नावाची शस्त्रक्रिया ती करून घेतात, तो वेगाच्या वाटेला कधी गेलाच नव्हता.

टॉमी जॉन स्वतः यावर उतारवयात कळवळून बोलला आहे. आपलं नाव लहान मुलांच्या कोपरावरच्या व्रणाला लागलंय, याचं त्याला वाईट वाटतं. मुलांनी वर्षातले काही महिने चेंडू खाली ठेवावा, दुसरे खेळ खेळावेत, हे तो सांगत आला. २०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून वयानुसार चेंडूंच्या मर्यादा ठरवून दिल्या: नऊ-दहा वर्षांच्या मुलानं दिवसाला जास्तीत जास्त ७५, अकरा-बारा वर्षांच्यानं ८५, सतरा-अठरा वर्षांच्यानं १०५, आणि मध्ये ठरलेली विश्रांती. आपल्याकडे उन्हाळी शिबिरांत एकाच हुशार मुलाकडून दिवसभर गोलंदाजी करून घेणाऱ्या प्रशिक्षकांनीही हा तक्ता भिंतीवर लावावा असं मला मनापासून वाटतं. आकडे क्रिकेटला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण मोजायची सवय तरी लागेल.

बेसबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये टॉमी जॉन नाही. १९९५ पासून पंधरा वर्षं त्याचं नाव मतदानात होतं. निवडीला ७५ टक्के मतं लागतात, त्याला शेवटच्या वर्षी, २००९ मध्ये, सर्वाधिक म्हणजे ३१.७ टक्के मिळाली. जुलै २०१३ मध्ये कूपर्सटाउनला त्याच हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात डॉ. फ्रँक जोब यांचा गौरव झाला. ते नुकतेच ८८ वर्षांचे झाले होते, आणि टॉमी जॉन त्यांच्यासाठी तिथे हजर होता. सात महिन्यांनी, ६ मार्च २०१४ रोजी, डॉक्टर गेले.